‘बायोटेक’ : शब्द, अर्थ आणि मावळचा भात

रोहिणी नक्षत्र निघाले की मावळातील कृषी सेवा केंद्रांसमोर वर्दळ सुरू होते. आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ या तिन्ही खोऱ्यांतील शेतकरी भाताचे बी, खत व औषधे नेण्यासाठी वडगाव, कामशेत, तळेगाव येथे येतात. दुकानाच्या फळीवर रांगेने मांडलेल्या डब्यांकडे व पाकिटांकडे नजर टाकली, तर एक शब्द वारंवार दिसतो. कोठे नुसते ‘बायो’, कोठे ‘बायोटेक’, कोठे ‘जैव’, तर कोठे ‘जैविक’. एका पाकिटात खरोखरच जिवंत जिवाणू असतात. दुसऱ्या बाटलीत समुद्रशेवाळाचा अर्क असतो. तिसऱ्या डब्यातील द्रव्य पूर्णपणे रासायनिक असते. ‘बायोटेक’ हे केवळ ते तयार करणाऱ्या कंपनीचे आडनाव असते.

हाच शब्द घरात वेगळ्या अर्थाने येतो. मुलगी पुण्याला ‘बायोटेक करते’ असे सांगितले जाते, तेव्हा ती त्या विषयाची पदवी घेत आहे एवढाच त्याचा अर्थ असतो. करोनाच्या साथीत लस घेण्यासाठी रांगेत उभ्या राहिलेल्यांना हा शब्द हैदराबादच्या लसनिर्मात्या कंपनीच्या नावातून परिचित झाला. वृत्तपत्रांत तो बहुधा कापसाच्या बियाण्यावरील वादाच्या संदर्भात येतो. त्यामुळे कित्येकांच्या मनात ‘बायोटेक’ म्हणजे बियाण्यात काहीतरी ढवळाढवळ, असे समीकरण पक्के झाले आहे. शब्द सैल झाला की पंडितांचे फारसे बिघडत नाही. फळीवरील पाकिटाचे पैसे मोजणाऱ्याचे मात्र बिघडते. म्हणून या शब्दाची थोडी उकल करणे आवश्यक आहे.

शब्दाचा जन्म

आजच्या वापरावरून वाटते तसा हा शब्द जनुकांच्या प्रयोगशाळेत जन्मलेला नाही. कार्ल एरेकी या हंगेरीतील कृषी अभियंत्याने १९१९ मध्ये तो आपल्या पुस्तकाच्या शीर्षकात वापरला. त्या पुस्तकाचा विषय होता मांस, चरबी आणि दूध यांचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन. जनावर हे चारा घेऊन मांस व दूध देणारे एक जिवंत यंत्र आहे, अशी त्यामागील कल्पना होती. थोडक्यात, शब्दाचे पाळणाघर गोठ्यातच होते. जनुक म्हणजे रासायनिकदृष्ट्या कोणता पदार्थ, हेही तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते.

मराठीत त्यासाठी ‘जैवतंत्रज्ञान’ हा प्रतिशब्द रूढ झाला. ‘तंत्र’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ माग किंवा मागावर ताणलेले सूत असा आहे. ‘तंतू’ हा त्याचाच भाऊबंद. सजीवाच्या साहाय्याने काही विणून काढणे, असा अर्थ त्यातून सहज निघतो. १९९२ मध्ये झालेल्या जैवविविधतेविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारातील व्याख्याही याहून फार दूर नाही. सजीव, सजीवांची यंत्रणा किंवा त्यांच्यापासून मिळालेले पदार्थ वापरून विशिष्ट उपयोगासाठी एखादी वस्तू वा प्रक्रिया घडविणे अथवा बदलणे, असा त्या व्याख्येचा आशय आहे.

ही व्याख्या मान्य केली, तर रात्री दुधाला विरजण लावणारी मावळातील गृहिणीही जैवतंत्रज्ञानाचाच वापर करीत असते. विरजणातील जिवाणू दुधातील साखरेचे आम्ल बनवितात आणि दही लागते. नाचणीची आंबील होते तीही अशाच सूक्ष्म जिवांच्या कामामुळे. याउलट, लोणावळ्याची प्रसिद्ध चिक्की कितीही पौष्टिक असली तरी ती या व्याख्येत बसत नाही. गूळ आणि शेंगदाणे यांच्यावर तेथे विस्तव काम करतो, सजीव नव्हे. मावळ तालुक्याच्या वेशीपासून जवळच असलेल्या पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पुढील वर्षी तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. तेथे मोठमोठ्या बंद पात्रांत बुरशी वाढवून तिच्याकडून औषध तयार करून घेतले जाई. विरजणाचेच ते मोजूनमापून, निर्जंतुक वातावरणात वाढविलेले रूप होते. ‘बायोटेक’ हा शब्द त्या वेळी कोणाच्या तोंडी नव्हता, काम मात्र तेच होते.

भारत सरकारने १९८२ मध्ये राष्ट्रीय जैवतंत्रज्ञान मंडळ नेमले आणि १९८६ मध्ये स्वतंत्र जैवतंत्रज्ञान विभाग स्थापन केला. शब्द सरकारी कागदांवर आला, महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात आला आणि यथावकाश दुकानांच्या पाट्यांवरही आला.

‘जैव’, ‘जैविक’ आणि ‘सेंद्रिय’

मराठी वाचकाच्या वाट्याला यात एक जादा गोंधळ आला आहे. मराठीत रसायनविरहित शेतीला ‘सेंद्रिय शेती’ म्हणतात. हिंदीत तिलाच ‘जैविक खेती’ म्हणतात. देशभर विकल्या जाणाऱ्या मालाच्या वेष्टनावरील मजकूर पुष्कळदा हिंदीवरून घाईने मराठीत उतरविला जातो आणि ‘जैविक’ हा शब्द तसाच राहतो. मराठीत ‘जैविक’ म्हणजे सजीवांशी संबंधित. त्यामुळे वाचणारा त्याचा अर्थ कधी ‘सेंद्रिय’ असा लावतो, कधी ‘जिवाणूंचे’ असा, तर कधी ‘बायोटेक’ असा. वस्तुस्थिती अशी की, प्रमाणित सेंद्रिय शेतीच्या नियमांनुसार जनुकीय बदल केलेल्या बियाण्याला मज्जाव आहे. म्हणजे एकाच ‘बायो’ या दोन अक्षरांच्या आडोशाला परस्परांना वर्ज्य असलेल्या दोन गोष्टी शेजारी शेजारी बसल्या आहेत.

इंद्रायणीची कूळकथा

या गोंधळातून वाट काढण्यासाठी मावळाच्या शेतातीलच एक उदाहरण उपयोगी पडेल. ते म्हणजे इंद्रायणी तांदूळ.

मावळ-मुळशीचा जुना मानाचा भात आंबेमोहर होय. आंब्याच्या मोहोरासारखा वास, मऊ भात आणि लहान दाणा यांसाठी तो नावाजलेला. तथापि आंबेमोहराची रोपे उंच वाढतात. परतीच्या पावसाच्या सरीत किंवा वाऱ्यात ती लोळतात, आणि खत वाढविले तर अधिकच लोळतात. उत्पन्न बेताचे राहते. स्थानिक आंबेमोहरातून निवड करून वेगळा काढलेला आंबेमोहर-१५७ हा वाण गुणाने उत्तम असला, तरी या दोषांपासून तोही मुक्त नव्हता.

फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ मध्ये आयआर-८ हा वाण प्रसारित केला. इंडोनेशियातील ‘पेटा’ आणि तैवानमधील एक बुटकी जात यांच्या संकरातून तो तयार झाला होता. खोड आखूड व ताठ, खताला प्रतिसाद भरघोस, उत्पन्न चकित करणारे. पण चवीच्या बाबतीत मावळच्या माणसाने त्याला आपला म्हणणे शक्यच नव्हते. वडगाव मावळ येथील कृषी संशोधन केंद्रात आंबेमोहर-१५७ आणि आयआर-८ यांचा संकर करण्यात आला. त्यातून निवडत निवडत सिद्ध झालेला वाण १९८७ मध्ये ‘इंद्रायणी’ या नावाने प्रसारित झाला. केंद्र महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे, नाव मात्र लोणावळ्याजवळ उगम पावून याच तालुक्यातून वाहणाऱ्या नदीचे.

संकर म्हणजे येथे नेमके काय केले जाते? भाताच्या प्रत्येक फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात आणि फूल बहुधा स्वतःच स्वतःला फळवते. म्हणून एका जातीच्या फुलातील पुंकेसर, ते फुटण्यापूर्वीच, चिमट्याने काढून टाकतात आणि त्यावर दुसऱ्या जातीचा पराग झटकतात. काम डोळ्यांची व बोटांची परीक्षा पाहणारे असते. येणाऱ्या बियांपासून वाढलेल्या पुढच्या पिढ्यांत उंच-बुटके, सुवासिक-बिनवासाचे असे सर्व प्रकार निघतात. त्यांतून हवी ती रोपे वेचून, पुन्हा पेरून, पुन्हा वेचून, सर्व रोपे सारखी निघेपर्यंत वर्षांमागून वर्षे काढावी लागतात. जनुके येथेही एकत्र आली. पण ती भाताचीच, भाताच्या परागातून आणि शेतात. म्हणून व्यापक व्याख्येनुसार इंद्रायणी हे जैवतंत्रज्ञानाचे फळ म्हणता येईल. वृत्तपत्रे ज्या अर्थाने ‘बायोटेक बियाणे’ म्हणतात, त्या अर्थाने मात्र इंद्रायणीचा ‘बायोटेक’शी संबंध नाही.

सुवासाविषयी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. सुवासिक तांदळाच्या गंधात ‘टू-ॲसिटिल-वन-पायरोलिन’ नावाच्या संयुगाचा मोठा वाटा असतो. ‘अन्नपूर्णा’ या नावाने अंगणात लावल्या जाणाऱ्या रोपाचे पान भात शिजताना टाकले, तर तसाच वास येतो, याचे कारणही हेच संयुग. बासमती, थायलंडचा जस्मिन व इतर अनेक सुवासिक जातींवरील संशोधनात असे आढळले की, त्यांच्यातील एक विशिष्ट जनुक बंद पडलेला असतो आणि तो बंद पडल्यामुळेच हे संयुग दाण्यात साठते. आयआर-८ चा बुटकेपणाही असाच, वाढीचे संप्रेरक बनविण्याच्या कामातील एक जनुक निकामी झाल्यामुळे आलेला. निसर्गात झालेला बिघाड कोण्या काळी शेतकऱ्याच्या नजरेला पडला, त्याने त्या ओंब्या वेगळ्या ठेवल्या आणि पुढे त्यालाच ‘गुण’ म्हटले गेले.

घाटाच्या वर आणि घाटाखाली

येथून पुढे शब्दाचा अर्थ थेट खिशाशी येऊन भिडतो. इंद्रायणी हा सरळ वाण आहे. शेतकऱ्याने आपल्याच शेतातील चांगल्या ओंब्या राखून ठेवल्या, तर पुढील वर्षी त्यांच्यापासून पुन्हा इंद्रायणीच उगवते. बोरघाट उतरून खाली कर्जतला गेले की, तेथील संशोधन केंद्रात तयार झालेला ‘सह्याद्री’ हा संकरित भात भेटतो. कोकण कृषी विद्यापीठाने तो १९९८ मध्ये प्रसारित केला. पहिल्या पिढीतील संकराचा जोम हे त्याचे बळ. तो जोम पुढील पिढीत टिकत नाही आणि रोपेही एकसारखी निघत नाहीत. साहजिकच संकरित भाताचे बी दर वर्षी विकत घ्यावे लागते. एकाला ‘संकरातून निवडलेला सरळ वाण’ आणि दुसऱ्याला ‘संकरित वाण’ म्हणतात. दोन्हींत ‘संकर’ आहे, पण बियाण्याचा हिशेब मात्र अगदी निराळा.

सरळ वाणाच्या बाबतीत शेतकऱ्याच्या हाती कायदाही आहे. वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ नुसार शेतकऱ्याला आपल्या शेतातील बी राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाण करण्याचा आणि विकण्याचाही हक्क आहे. संरक्षित वाणाचे बी छापील नाममुद्रेच्या पिशवीत भरून विकता येत नाही, एवढीच मर्यादा. शेजाऱ्याला पायलीभर बी देणे हा गुन्हा आहे, असे कोणी सांगितले तर ते मानण्याचे कारण नाही. अर्थात राखलेले बी शुद्ध ठेवणे ही मेहनतीची गोष्ट आहे. फुलोऱ्याच्या वेळी खाचरात हिंडून वेगळ्या उंचीची, वेगळ्या रंगाची रोपे उपटून टाकावी लागतात आणि साधारणपणे दर तीन वर्षांनी खात्रीचे नवे बी आणून बदल करावा लागतो. बाजारात ‘इंद्रायणी’ या नावाने मिळणारा सगळाच तांदूळ इंद्रायणी नसतो, हे गिऱ्हाइकांना अनुभवाने माहीत आहे. त्या भेसळीची सुरुवात कधी कधी खळ्यावरच होते, हेही कबूल केले पाहिजे.

आता ‘जनुकांतरित’ बियाणे. येथे दुसऱ्याच सजीवाचा जनुक प्रयोगशाळेत पिकात घातला जातो. २००२ मध्ये परवानगी मिळालेल्या बीटी कापसात तो मातीतील एका जिवाणूचा आहे. बोंडअळीला घातक असे प्रथिन त्यामुळे कापसाचे झाड स्वतःच तयार करते. बीटी वांग्याला मात्र २०१० मध्ये स्थगिती देण्यात आली. भारतात जनुकांतरित भाताच्या व्यावसायिक लागवडीला परवानगी नाही. त्यामुळे मावळात कोणी ‘बीटी भात’ म्हणून बी विकू लागला, तर ती फसवणूक तरी असेल किंवा बेकायदा व्यवहार तरी. मे २०२५ मध्ये केंद्रीय कृषिमंत्र्यांनी ‘डीआरआर धान १००’ आणि ‘पुसा डीएसटी राईस १’ हे दोन ‘जनुक-संपादित’ वाण जाहीर केले. त्यांत बाहेरचा जनुक न घालता भाताच्याच जनुकात नेमक्या जागी बदल केलेला आहे. म्हणजे सुवास आणि बुटकेपणा यांच्या बाबतीत निसर्गाने जे अपघाताने केले, त्या जातीचे काम येथे ठरवून केले गेले. त्याविषयी मतभेद आहेत आणि ते राहतील. पण मत बनविण्यापूर्वी निवड, संकर, जनुकांतर आणि जनुक-संपादन हे चार शब्द एकाच ‘बायोटेक’ या पोत्यात कोंबले जाऊ नयेत, एवढी अपेक्षा रास्त ठरेल.

विरोधाभास असा की, बियाण्याच्या बाबतीत जो शब्द शंका उत्पन्न करतो, तोच औषधाच्या बाबतीत कोणाच्या लक्षातही येत नाही. मधुमेहाच्या रुग्णाला टोचले जाणारे मानवी इन्शुलिन १९८२ पासून, मानवी जनुक घातलेल्या सूक्ष्म जिवांकडून तयार करून घेतले जाते. नवजात बालकाला दिली जाणारी काविळीची, म्हणजे हिपॅटायटिस-बीची, लस तशाच रीतीने यीस्टपासून बनते. ग्रामीण रुग्णालयातील शीतकपाटात ही दोन्ही औषधे असतात आणि त्यांच्या नावात ‘बायोटेक’ नसते.

फुले आणि आगगाडी

तळेगाव दाभाडे येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने उभारलेल्या पुष्पोद्यानातील हरितगृहांमध्येही हा विषय निराळ्या रूपात दिसतो. तेथील गुलाब डोळा भरून वाढविला जातो. ती माळ्याची जुनीच विद्या. जरबेराची रोपे मात्र बहुधा ऊतिसंवर्धनाने, म्हणजे झाडाचा सूक्ष्म तुकडा निर्जंतुक काचपात्रात पोषक द्रव्यावर वाढवून, तयार केलेली असतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी १९९० मध्ये याच तंत्राने काचपात्रातील बांबूच्या रोपांना फुले आणून दाखविली होती. एरवी त्यासाठी अनेक दशके थांबावे लागते. ऊतिसंवर्धनात जनुक बदलत नाही. हजारो रोपे मूळ झाडासारखीच निघतात, आणि म्हणून मूळ झाड रोगट असेल तर हजारो रोपेही रोगट निघू शकतात.

लोणावळा स्थानकात थांबणाऱ्या गाड्यांच्या डब्यांतही ‘बायो’ शब्द वाचायला मिळतो, तो शौचालयाच्या दारावर. संरक्षण संशोधन व विकास संघटनेने बर्फाळ प्रदेशातील जवानांसाठी विकसित केलेल्या तंत्रावर ही व्यवस्था आधारलेली आहे. डब्याखालील टाकीत हवेशिवाय जगणारे जिवाणू मैल्याचे विघटन करून पाणी आणि वायू बनवितात. गावातील गोबर गॅसच्या टाकीत चालते तेच काम. प्रवाशाने त्यात बाटली किंवा प्लास्टिकची पिशवी टाकली की मार्ग तुंबतो, आणि दोष मात्र जिवाणूंच्या माथी येतो.

पाकीट कसे वाचावे

पुन्हा वडगावच्या दुकानातील फळीकडे वळू. २००६ मध्ये जिवाणू खते १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आली. समुद्रशेवाळाच्या अर्कासारखी वाढ-उत्तेजके २०२१ मध्ये आली. तेव्हापासून जिवाणू खताच्या पाकिटावर आत कोणता जिवाणू आहे, त्याची संख्या किती, ते कधी बनविले आणि कोणत्या तारखेपर्यंत वापरावे हे छापणे बंधनकारक आहे. भुकटीच्या स्वरूपातील खतात प्रतिग्रॅम किमान ५ कोटी आणि द्रवरूप खतात प्रतिमिलिलिटर किमान १० कोटी जिवंत पेशी असाव्यात, असे प्रमाण आहे. ज्या पाकिटावर ‘बायोटेक’ मोठ्या अक्षरांत आहे पण जिवाणूचे नाव कोठेच नाही, ते जिवाणू खत म्हणून घेऊ नये. आणि घेतल्यास पक्की पावती मागावी, कारण तक्रार पंचायत समितीतील गुणनियंत्रण निरीक्षकाकडे न्यायची झाली, तर पावतीखेरीज पुरावा नसतो. नाव आहे, तारीखही आहे, पण पाकीट भर उन्हात दुकानाच्या दाराशी टांगलेले आहे, तर आतील जीव जिवंत असतील याची खात्री नाही.

दाढीत बी टाकण्यापूर्वीची रीत सोपी आहे. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात राखलेले भाताचे बी सोडावे. वर तरंगणारी पोकळ बिजे काढून टाकावीत. तळाशी बसलेले बी दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुऊन २४ तास सावलीत सुकवावे. बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी लावून बी सुकू द्यावे. दोन्ही एकत्र कालवू नयेत, कारण बुरशीनाशकाच्या संपर्कात जिवाणू मरू शकतात. त्यानंतर १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम या प्रमाणात ॲझोस्पिरिलमची भुकटी थोड्या पाण्यात किंवा गुळाच्या थंड पाण्यात कालवून हलक्या हाताने चोळावी, बी सावलीत पसरून कोरडे करावे आणि त्याच दिवशी पेरावे.